रक्तातला विळा



आज आपण सिकलसेल या दुखण्याविषयी बोलू. सिकल म्हणजे विळा.

आम्ही शाळेत असताना वर्गात एक मुलगा होता. दर महिन्याला चार दिवस गैरहजर. विचारले की म्हणे, "गुरुजी, हाडं लई ठणकायलेत." आम्हांला वाटले, पोर बहाणा करते. आम्ही त्याला अंगठे धरून उभे केले. पुढे त्याचे रक्त तपासले, तेव्हा कळले. पोर खरे बोलत होते! ती चूक आम्हांला आजही टोचते.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या गोल आणि मऊ असतात. त्या अंगभर प्राणवायू पोचवतात. या दुखण्यात त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. पाटात कचरा अडकला की पुढचे वाफे कोरडे राहतात ना? तसेच हे. रक्त पोचत नाही, तिथे कळा उठतात. चांगली पेशी सुमारे १२० दिवस टिकते. वाकडी पेशी १०-२० दिवसांत मरते. म्हणून रोगी फिका पडतो, लवकर दमतो.

असे का होते? पेशी कशी घडवायची, याचा लेख आपल्या अंगातच असतो. त्या लेखातल्या एकेका भागाला जनुक म्हणतात. 'वाट' लिहिताना 'व'च्या जागी 'ख' पडला की 'खाट' होते. तसे या जनुकात एकच अक्षर बदललेले असते.

जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एकच प्रत चुकीची असेल तर माणूस वाहक. त्याला बहुधा त्रास नसतो. दोन्ही चुकीच्या असल्या तर आजार. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात रुपयात चार आणे धोका. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावू नका. ही करणी नव्हे. हा आजार शिवल्याने होत नाही.

भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात प्रथम आढळला. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबारकडे तो आहे. पैनगंगेपलीकडे यवतमाळातही आहे. आपल्या सोयरिकी नदीपार होतातच. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या माणसांचे रक्त तपासायचे ठरले.

रोग्याने भरपूर पाणी प्यावे. थंडी टाळावी. डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नये. ताप आला तर लगेच दवाखाना गाठावा.

मंडळी, सुपारी फोडण्याआधी मुलाचे आणि मुलीचे, दोघांचेही रक्त तपासून घ्या. दोघेही वाहक निघाले तर आधी डॉक्टरांशी बोला.

आणि पोर "हाडं ठणकायलेत" म्हणाले, तर आमच्यासारखे करू नका. त्याचे ऐका.