रबरी नळीचें वय

ज्येष्ठ महिना लागून पावसाळी वारे सुटले, कीं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरांतील यांत्रिक नौका किनाऱ्यास लागतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीस बंदी असते. त्या सक्तीच्या विसाव्यांत जुनाजाणता तांडेल एकेक दोर हातीं घेतो आणि पीळ उलगडून पाहतो. दोर जीर्ण झाला म्हणजे त्याचे तंतू तुटून बाहेर येतात. तो आपलें वय आपणच सांगतो. परंतु त्याच नौकेच्या इंजिनापाशीं जी काळी रबरी नळी असते, ती फुटण्याच्या आदल्या दिवसापर्यंत धडधाकट दिसूं शकते. समुद्रांत नळी फुटली तर नौका थांबते आणि शेजारची नौका तिला ओढून आणते. आकाशांत शेजार नसतो. म्हणून ज्यानें आपलें विमान आपल्याच हातांनीं बांधलें, त्यानें या नळीची चिंता तांडेलाहूनहि अधिक वाहिली पाहिजे.

विमान घरीं बांधतां येतें काय, अशी शंका कोणी घेईल. मुंबईस कांदिवली येथें कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकानें राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ सालीं तें मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंदणी झाली, आणि २०२० सालीं धुळें येथें तें आकाशांत गेलें. अमेरिकेंत तर घरीं बांधलेलीं अशीं विमानें हजारोंनीं मोजावीं लागतात. या उद्योगास वर्षानुवर्षें लागतात, आणि तेथेंच एक गोष्ट सहज नजरेआड होते. बांधणीच्या आरंभीं हौसेनें विकत घेतलेली रबरी नळी पहिल्या उड्डाणाच्या दिवशीं आठ-दहा वर्षांची झालेली असूं शकते. विमान नवें आणि नळी म्हातारी, असा तो विषम संसार असतो.

या नळ्यांचें विमानांत काम काय, तें प्रथम पाहूं. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हें सतराव्या शतकांत पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखवून दिलें. त्याच तत्त्वावर विमानाचे ब्रेक चालतात. वैमानिक पायानें पेडल दाबतो, मास्टर सिलिंडरमधील तेल पुढें ढकललें जातें, आणि चाकाजवळील ब्रेकची गादी फिरत्या तबकडीस घट्ट धरते. कांहीं विमानांत चाकें पोटांत ओढून घेण्याचें कामहि असेंच तेल करतें. वाटेचा बराच भाग धातूच्या ताठ नळीचा असला तरी चालतें. परंतु जेथें चाकाचा पाय हालतो किंवा भाग थरथरतो, तेथें लवचिक नळीच हवी. तिचे तीन थर असतात. आंतला थर कृत्रिम रबराचा. तो तेल धरून ठेवतो. मधला थर सुताच्या किंवा पोलादी तारेच्या विणीचा. तो दाबाचा भार सोसतो. वरचा थर या दोहोंचें रक्षण करतो.

कच्चें रबर उन्हानें चिकट आणि थंडीनें कडक होतें. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यानें गंधकासह तापवून त्याला टिकाऊपणा आणला. पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. उष्णता, हवेंतील प्राणवायु आणि ओझोन हे रबराचे नित्याचे वैरी होत. ओझोनची झळ ताणलेल्या रबरास अधिक लागते, म्हणून बांकाच्या बाहेरच्या अंगास आधीं बारीक भेगा दिसतात. हें झिजणें उड्डाणाच्या तासांवर अवलंबून नाहीं. विमान छपराखालीं उभें असतांहि तें चालूच असतें. त्यांत रत्नागिरीसारखा समुद्रकांठ असला, तर दुसरें संकट येतें. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि बारमाही खारा वारा, यांमुळें नळीच्या टोंकांशीं असलेल्या धातूच्या जोडांवर व पोलादी विणीवर गंज चढतो. वरचें रबर शाबूत असलें तरी भार सोसणारी तार आंतून कुजूं लागते.

सर्वांत फसवा बिघाड मात्र आंतल्या थराचा. तो सुटून पडद्यासारखा आड येतो. पेडल दाबतांना जोरामुळें तेल पुढें जातें. पाय उचलल्यावर परत येत नाहीं, आणि ब्रेक धरूनच राहतो. उतरतांना असें एकच चाक अडलें, तर विमान त्या अंगास वळून धावपट्टी सोडतें. बाहेरून पाहणाऱ्यास नळीवर ओरखडाहि दिसत नाहीं.

तेव्हां तपासणी डोळ्यांनीं, हातांनीं आणि वहीनें, अशी तिहेरी असावी. विजेरी व लहान आरसा घेऊन प्रत्येक नळीची पाठ पाहावी. ओलसर डाग, तेलावर बसलेली धूळ, फुगवटा, भेग अथवा घासल्याची खूण दिसली, तर ती नळी काढावी. नळीवर लांबीच्या दिशेनें छापलेली रेघ असते. ती मळसूत्रासारखी फिरलेली दिसल्यास नळी बसवतांना पिळली गेली, असें समजावें. नळी ताणून बसवूं नये. दाबाखालीं तिची लांबी शेंकडा चारपर्यंत आंखडते किंवा दोनपर्यंत वाढते, म्हणून शेंकडा पांच ते आठ सैल ठेवण्याचा प्रघात आहे.

तेलाविषयीं एक चूक विशेष टाळावी. लहान विमानाच्या ब्रेकमध्यें बहुधा तांबडें खनिज तेल असतें, मोटारींतलें ब्रेक ऑईल निराळें असतें, आणि एकास मानवणारें रबर दुसऱ्यांत फुगून मऊ पडतें. घाईच्या वेळीं मोटारवाल्याकडून मागून आणलेली बाटली सबंध यंत्रणेचा नाश करूं शकते. टेफ्लॉनच्या नळ्या रबराप्रमाणें जून होत नाहींत, हें खरें. परंतु उष्णतेंत राहून त्या एका वळणास बसतात. काढल्यावर सरळ करूं पाहिल्यास आंतून मोडतात. त्या आहेत त्याच वळणांत बांधून ठेवाव्या.

आतां वहीविषयीं. नळीच्या पट्टीवर तयार झाल्याची तारीख असते. ती, आणि बसवल्याची तारीख, अशा दोन्ही प्रत्येक नळीपुढें लिहाव्या. रबरी नळी पांच ते सात वर्षांनीं बदलावी, हा अनुभवी लोकांचा संकेत आहे. समुद्रकांठीं त्यांतील लहान आंकडाच धरावा. नवी नळी आंतून स्वच्छ करून, नेहमीहून अधिक दाबाखालीं पारखून मगच बसवावी.

रबर दगा देतें तो केवढा, हें जगानें एकदां पाहिलें आहे. २८ जानेवारी १९८६ रोजीं ‘चॅलेंजर’ हें अमेरिकन अंतराळयान सात प्रवाशांसह नष्ट झालें. थंडीनें रबरी कड्याचा लवचिकपणा गेला होता. पुढें चौकशींत फाइनमन या शास्त्रज्ञानें तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यांत बुडवून सर्वांदेखत तें सिद्ध केलें. तेथें नळी नव्हती, कडें होतें. आणि धोक्याची सूचना देणारे अभियंतेहि होते. उणीव होती ती ऐकण्याची.

घरीं विमान बांधणाऱ्यास तर सूचना देणारा दुसरा कोणी पुष्कळदां नसतोच. तेथें परीक्षार्थी तोच आणि परीक्षकहि तोच. दुसऱ्याच्या विमानावरची जी नळी त्यानें पाहतांक्षणीं टाकून दिली असती, ती आपल्या विमानावर तो “अजून एक वर्ष चालेल” म्हणून ठेवतो. कारण ती त्यानें स्वतः, रात्रीं जागून बसवलेली असते. म्हणून वर्षांतून एकदां विमान व वही दोन्ही एखाद्या जाणत्या परक्या माणसापुढें ठेवावीं, आणि त्याचा निर्णय निमूटपणें मानावा.

नारळी पौर्णिमेस मिरकरवाड्याचा तांडेल समुद्रास नारळ अर्पण करतो, तेव्हां त्याचा भाव खरा असतो. पण जीर्ण दोर त्यानें त्यापूर्वींच बदललेला असतो.