अळ्या गेल्या, जंतू राहिले

जखमेत अळ्या पडल्या की घरचे ओशाळतात. टर्पेंटाइन घालून त्या काढतात आणि डॉक्टरांपाशी अवाक्षर काढत नाहीत. प्रयोगशाळेत बसणाऱ्या मला नेमकं तेच कळायला हवं असतं. माशीच्या अळ्यांत सापडलेल्या ‘वोल्फार्टिइमोनास’ या जंतूची नोंद हंगेरीतल्या संशोधकांनी २००८ साली केली. (नाव घेताना माझीही जीभ अडखळते!) अळ्यांवाटे तो जखमेत शिरतो, क्वचित रक्तातही उतरतो. अर्जेंटिनातला एक बेघर वृद्ध त्यानेच दगावला. ती हकीकत २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या चाचण्या त्याला भलतंच नाव देऊन मोकळ्या होतात. ओळख पटली, तर नेहमीच्या प्रतिजैविकांना तो बहुधा दाद देतो. ताप आलाच, तर रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर ‘जखमेत अळ्या होत्या’ एवढं जरूर लिहून घ्या.