नकार लेखी घ्या
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



योजनांची यादी वाचून दाखवणारी भाषणं तुम्ही भरपूर ऐकली आहेत. मी यादी वाचणार नाही. मी वकीलही नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. पण सुटीच्या दिवशी आम्ही तीन-चार मित्र वस्तीत लोकांचे अर्ज भरून द्यायला बसतो. तिथे एक गोष्ट लक्षात आली. अर्ज भरायला मदत करणारे पुष्कळ आहेत. अर्ज नाकारला, चालू अनुदान बंद पडलं, की मात्र माणूस एकटा पडतो. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

एक उदाहरण सांगतो. आमच्याकडे एक खाला आल्या. विधवा, घरी शिवणकाम करणाऱ्या. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दरमहा १५०० रुपये मिळत होते, ते अचानक थांबले. ही योजना कुणासाठी आहे बघा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे, म्हणजे दिवसाला ५८ रुपयांहूनही कमी. अशा घरात १५०० रुपये थांबणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. खाला पाच वेळा कार्यालयात जाऊन आल्या होत्या. दर वेळी खिडकीवरून एकच उत्तर, ‘सिस्टिम घेत नाही.’ कुणी नाव लिहून घेतलं नाही, कुणी कागद दिला नाही. पाच फेऱ्यांचा पुरावा म्हणून त्यांच्याजवळ फक्त एसटीची तिकिटं होती.

आता ‘सिस्टिम घेत नाही’ म्हणजे काय, हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून सांगतो. अनुदान आता डीबीटीने आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. एका ठिकाणचं नाव दुसऱ्या ठिकाणच्या नावाशी जुळावं लागतं. संगणकाला अक्षरं कळतात, माणूस कळत नाही. ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत कुणी ‘ए-आय’ घालून लिहितं, कुणी ‘ई-आय’, कुणी नुसता ‘ई’. ‘सय्यद’चंही तसंच. आपल्या बायकांचं नाव रेशनकार्डावर ‘खातूनबी’, आधारवर ‘खातून बेगम’ आणि बँकेत नवऱ्याचं नाव जोडून नुसतं ‘खातून’. संगणकाच्या लेखी या तीन बायका झाल्या. यात कुणाचा द्वेष असतोच असं नाही. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असलेल्या हिंदू भगिनींनाही हाच त्रास होतो. पण कारण कळलं तर दुरुस्ती होते. कारणच कुणी सांगत नसेल तर दुरुस्ती कशाची करायची?

म्हणून माझं सगळं म्हणणं दोन शब्दांत मावतं: लेखी घ्या. तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही, वकीलही काही करू शकत नाही. कागद हातात आला की त्यावर बोट ठेवून बोलता येतं.

आम्ही काय केलं? खालांच्या सहीचा साधा अर्ज लिहिला: माझं अनुदान अमुक महिन्यापासून बंद आहे, त्याचं कारण लेखी कळवावं. दोन प्रती काढल्या. एक आवक विभागात दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. ही पोच सोन्यासारखी जपायची. कुणी अर्ज घेतच नसेल तर पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही आहे. जी सेवा त्यात अधिसूचित आहे, ती ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते, किंवा कारण लेखी देऊन नाकारावी लागते. त्यावर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

एवढं करूनही हलत नसेल तर वकील लागतो. इथे आपली माणसं थबकतात. वकील म्हणजे पैसे, आणि पैसे असते तर अनुदान कशाला मागितलं असतं? मग एजंट येतो, ‘दोन हजार द्या, काम करून देतो.’ पण फुकट वकील मिळणं हा हक्क आहे. राज्यघटनेच्या कलम ३९-अ मध्ये ते तत्त्व आहे आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा त्यासाठीच आहे. त्याचं कलम १२ प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, तुरुंगातले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. पुन्हा सांगतो, स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि त्यासाठीही साधारणपणे शपथपत्र पुरेसं मानता येतं, असं कलम १३ म्हणतं. शिवाय हे साहाय्य फक्त खटल्यापुरतं नाही. कायदेशीर सल्लाही त्यात येतो. गरिबी निर्मूलनाच्या योजनांचा लाभ लोकांना मिळवून देण्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१५ साली वेगळी योजनाच केली आहे.

हे कार्यालय कुठे असतं? जिल्ह्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती. फोन १५१००, निःशुल्क.

खालांना आम्ही तालुका समितीत नेलं. पोच दाखवली. नेमून दिलेल्या वकीलबाईंनी कार्यालयाला पत्र लिहिलं. मग लेखी उत्तर आलं: आधार आणि बँक खात्यातल्या नावात फरक. शपथपत्र केलं, बँकेत नाव दुरुस्त झालं, अनुदान सुरू झालं. मधल्या महिन्यांची थकबाकी अजून मिळालेली नाही. तिचा पाठपुरावा चालू आहे, आणि आता तो कागदावर चालू आहे.

आणखी एक प्रश्न खास आपल्या भगिनींचा. याच योजनेत घटस्फोट झालेल्या किंवा घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या, पोटगी न मिळणाऱ्या स्त्रियाही बसतात. पण नवऱ्याने तोंडी तीनदा तलाक म्हणून घराबाहेर काढलेल्या बाईने कोणता कागद दाखवायचा? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हा तलाक अवैध ठरवला, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. म्हणजे कायद्याने ती पत्नी आहे, आणि घरात तिला जागा नाही. खिडकीवरचा कारकून हा गुंता सोडवू शकत नाही. इथे पहिल्याच दिवशी वकील पाहिजे. पोटगीचा अर्ज न्यायालयात दाखल झाला की निदान तिची परिस्थिती कागदावर येते. मुस्लिम स्त्रीला, घटस्फोटितेलाही, सर्वसाधारण फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केलं आहे. अशा भगिनीला ‘सबर कर’ म्हणण्याआधी तिला तालुका समितीचा पत्ता द्या.

कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, रमजानमध्ये जकात मिळतेच. जकात जरूर द्या. पण जकात देणाऱ्याच्या मनावर आणि महिन्यावर अवलंबून असते. अनुदान नागरिक म्हणून मिळतं, बाराही महिने मिळायला हवं, आणि ते मागताना कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही.

शेवटी तुमच्याकडे एकच मागणी. घरी गेल्यावर आपल्या तालुका समितीचं कार्यालय न्यायालयाच्या इमारतीत नेमकं कुठे आहे, ते स्वतः जाऊन बघून या. तो पत्ता आणि १५१०० हा नंबर मोठ्या अक्षरात मराठीत आणि उर्दूत लिहा. मशिदीच्या फलकावर, रेशन दुकानाशेजारी, शिवणक्लासच्या भिंतीवर लावा. त्याखाली एवढंच लिहा: ‘नाही म्हणाले तर म्हणा, लिहून द्या.’