तालमींतील पायऱ्या



कुस्ती म्हटली कीं डोळ्यांपुढें मैदान उभें राहतें. हलगीचा कडकडाट, लोकांचा गलका, आणि क्षणार्धांत प्रतिस्पर्ध्याला आस्मान दाखविणारा एखादा डाव! परंतु मैदान हें कुस्तीचें फळ होय. तिचें झाड वाढतें तें तालमींत, पहाटेच्या काळोखांत, जेथें टाळी वाजवावयास कोणी नसतें. ही वाढ कोणत्या क्रमानें होते, आणि ती होत असतां मन कसें असावें, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे.

नवा पोरगा तालमींत येतो तो बहुधा डावांच्या ओढीनें. ‘ढाक केव्हां शिकवाल, धोबीपछाड केव्हां सांगाल’ असा त्याचा धोशा चालूं असतो. जाणता वस्ताद त्याच्या हातीं डाव देत नाहीं, फावडें देतो. हौद्यांतील लाल माती उकरावयाची, ढेकळें फोडावयाचीं, खडे वेंचून काढावयाचे. ताक, तेल, हळद, लिंबू घालून ही माती मऊ राखलेली असते. पोराला ही हमाली वाटते; वस्तुतः तो पहिला पाठ असतो. फावड्यानें खांदा, कंबर आणि मनगट तयार होतें हें खरेंच. पण ज्या मातीवर उद्यां जोडीदाराची पाठ आदळावयाची, ती आपल्या हातानें मऊ केली पाहिजे, हें त्यांतील खरें शिक्षण.

दुसरी पायरी मेहनतीची. जोरांनीं छाती व दंड भरतात, बैठकांनीं मांड्या भक्कम होतात, करेल्यानें खांदे सुटतात, मल्लखांबानें पकड आणि लवचिकपणा येतो. ह्या पायरीवर मान तयार होते, ही गोष्ट विशेष महत्त्वाची. चीत होण्याचें टाळण्यासाठीं मल्ल मानेवर सारें अंग तोलून धरतो. कच्च्या मानेवर हा भार पडला तर क्षणाच्या घाईपायीं जन्माचें दुखणें पदरीं येतें. म्हणून कोवळ्या पोराला इनामाच्या लोभानें मैदानांत ढकलणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हा विचार अवश्य करावा.

तिसरी पायरी डावांची. येथेंहि क्रम आहे. आधीं तोड, मग डाव. पट काढूं न देणें ज्याला साधलें, त्यालाच पट काढण्याचें मर्म कळतें. कारण डाव कोठें ढिला पडतो, हें तो सोसणारालाच आधीं उमगतें.

चौथी पायरी रोजच्या लढतीची, आणि मनाची खरी परीक्षा येथेंच होते. सरावांतील लढत म्हणजे मैदान नव्हे. तेथें पडणें हा पराभव नसून शिकण्याचा व्यवहार आहे. जो केवळ न पडण्यासाठीं लढतो, तो आपला हातखंडा डावच तेवढा घोटीत बसतो. त्याची पाठ सहसा मातीला लागत नाहीं, पण त्याची विद्याहि वाढत नाहीं. उलटपक्षीं, थोरल्या पठ्ठ्यानें धाकट्याशीं लढतांना त्याला पेलेल तेवढाच जोर लावावा. जोडीदार जायबंदी झाला तर उद्यां लढावयाचें कोणाशीं?

ह्या वृत्तीचें थोर उदाहरण म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ते आपल्या वजनगटांत सहावे आले. मातींत वाढलेल्या ह्या मल्लाला गादीची व परदेशी नियमांची संवय नव्हती. आपल्याकडे चीतपट झाल्यावांचून कुस्ती निकाली होत नसे. तेथें वेळ मोजलेला आणि पकडीपकडीचा हिशेब ठेवलेला. मैदानें मारलेला गडी अशा वेळीं रुसून बसावयाचा. खाशाबा नव्या विद्येचे पुन्हा विद्यार्थी झाले. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीनें दिलेलें बळ तेंच होतें; त्याला गादीचें वळण लावण्याची तयारी मनानें केली. आज महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात, तेव्हां ही तयारी प्रत्येक तरुण मल्लाला हवीच.

तथापि क्रमाचेंहि स्तोम माजवूं नये. शिस्तीच्या नांवाखालीं शिष्याला वर्षानुवर्षें नुसतें राबविणें आणि विद्या मुठींत झांकून ठेवणें, ही वस्तादकी नव्हे. पायरी चढण्यासाठीं असते, बसण्यासाठीं नसते. शिष्यानें उतावळें होऊं नये आणि गुरूनें कृपण होऊं नये, तरच तालीम भरभराटीस येते.

तात्पर्य, आपल्या मुलाची तालमींतील प्रगति जाणून घ्यावयाची असेल, तर त्याला किती डाव येतात असें विचारूं नका. आज कोणी तुला पाडलें, आणि तें कसें, असें विचारा. ह्या प्रश्नाचें उत्तर तो न लाजतां, नीट उकलून देऊं लागला, म्हणजे त्याचें पाऊल पुढच्या पायरीवर पडलें असें खुशाल समजावें.