चूक ऑपरेटरची नव्हती

१९८५ साली पेजमेकर आलं आणि पानांची जुळणी संगणकाच्या पडद्यावर होऊ लागली. स्क्रायबस हे त्याच कामाचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर. आमच्या छोट्या छापखान्यासाठी मी त्याची मराठी माहितीपुस्तिका लिहिली. जसे मेनू, तशीच प्रकरणं. वाटलं, झालं काम!

एका संध्याकाळी आमची ऑपरेटर म्हणाली, "सर, लग्नपत्रिकेत जोडाक्षरं फुटतायत. तुम्ही लिहिलंय तसा युनिकोड फॉन्ट तीनदा निवडला. माझंच काहीतरी चुकतंय."

चूक तिची नव्हतीच. तिच्या जुन्या संगणकावर १.४ आवृत्ती होती. तीत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नसत. २०२४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये ती जुळतात. मी पानावर आवृत्तीच लिहिली नव्हती!

मग पुस्तिका कामांनुसार लावली: पत्रिका, चार पानी अंक, छपाईला पीडीएफ देताना. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आवृत्ती. शेवटच्या सूचीत 'फुटलेली अक्षरं', 'सरकलेला मजकूर' असे ऑपरेटरच्या तोंडचेच शब्द.

पुस्तिका लिहिणाऱ्याला सॉफ्टवेअर दिसतं. उघडणाऱ्याला फक्त अडलेलं काम. मांडणी त्या अडलेल्या कामापासून सुरू व्हावी, एवढंच.