जुन्या ट्रकची बैठक

मालाचा ट्रक म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे एक उंच गाडी उभी राहते. रस्ता ओबडधोबड, ओझे जड आणि वाटेत ओढा-नाला. अशा वेळी गाडी जमिनीपासून जितकी उंच तितकी बरी, हा आपला रोजचा अनुभव आहे. त्यामुळे कुणी एखादा जुना, धडधाकट ट्रक घेऊन तो मुद्दाम जमिनीलगत आणून ठेवतो असे ऐकले, तर हा काय उफराटा उद्योग, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, हा उद्योग गेली सत्तर-ऐंशी वर्षे मोठ्या हौसेने आणि पुष्कळ कसबाने चालत आला आहे. त्यातील एकाच कामाविषयी आज बोलावयाचे आहे. पुढच्या दोन चाकांमधल्या आडव्या तुळईत, म्हणजे ज्याला कारागीर क्रॉसमेंबर म्हणतात त्या भागात, फेरफार करून ट्रक खाली आणणे, हे ते काम. ते नीट समजून घेतले म्हणजे ध्यानात येते की, यंत्राचा एक भाग जागचा हलविला तर त्याच्याशी बांधलेल्या प्रत्येक भागाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

उदाहरणादाखल शेव्हरोलेट कंपनीचा सी-१० हा अर्ध्या टनाचा हलका ट्रक घेऊ. १९६७ ते १९७२ या सालांतील त्याचे रूप हौशी मंडळींना फार प्रिय आहे. १९५९ पर्यंत या कंपनीच्या हलक्या ट्रकांना पुढे एक अखंड पोलादी एक्सल असे व तो पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसविलेला असे. आपल्या बैलगाडीचा आस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचा गुणदोष सांगावयास नको. एक चाक दगडावर चढले की दुसऱ्याचाही तोल बिघडतो. १९६० साली कंपनीने पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्र केली. प्रथम त्यांचा भार पीळ सोसणाऱ्या पोलादी दांड्यांवर ठेवला होता. १९६३ पासून त्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा आल्या.

या रचनेत आडव्या तुळईचे स्थान काय, ते पाहू. ट्रकच्या सांगाड्याला दोन लांब पोलादी दांडे असतात, पन्हळीसारखे एका बाजूने उघडे. ही भक्कम तुळई पुढच्या चाकांच्या रेषेत त्या दोहोंच्या खालून आडवी जाते. तिच्या प्रत्येक टोकाशी दोन बाहू जोडलेले असतात. वरचा बाहू आखूड, खालचा लांब. दोन्ही बाहूंच्या बाहेरच्या टोकांना बॉल जॉइंट असतात आणि त्यांच्यामध्ये चाकाचा खुंट धरलेला असतो. खालचा बाहू व तुळई यांच्यामध्ये स्प्रिंग दाबून बसविलेली असते. इंजिनाची पुढची टेकणीही याच तुळईवर उभी असतात. घराची तुळई जसे छप्पर तोलते तशी ही तुळई गाडीचा पुढचा सारा भार तोलते. आणि ब्रेक दाबताच मागचा भारही काही अंशी पुढे येऊन हिच्यावरच पडतो.

आता गाडी खाली आणण्याची ही हौस आली कोठून? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण, त्यांत मेक्सिकन वंशाचे पुष्कळ, जुन्या गाड्या विकत घेऊन त्या आपल्या मनाप्रमाणे सजवीत. गाडी वेगाने पळविण्यापेक्षा ती खाली, संथ आणि दिमाखात चालावी, ही त्यांची आवड. कुणी मागच्या पेटीत वाळूची पोती भरी, कुणी स्प्रिंगांचे वेढे कापी. १९५८ साली कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात एक कलम आले: फेरफार केलेल्या गाडीचा, चाके वगळता, कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये. दुसऱ्याच वर्षी, १९५९ साली, रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट गाडीला तेलाच्या दाबावर चालणारी योजना बसविली. हवी तेव्हा गाडी खाली, हवी तेव्हा वर! ते कलम पुढे सहा दशकांहून अधिक काळ टिकले आणि १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाले. ते अन्यायाने वापरले गेले, एका समाजाच्या हौसेवर त्याचा रोख होता, अशी तक्रार फार जुनी होती.

कलम गेले, तरी त्यातील माप मात्र जाणते कारागीर आजही पाळतात. त्याचे कारण साधे आहे. धावत्या गाडीचा टायर फुटला तर ती रिमवर येते. त्या वेळी रिमच्या आधी तुळई किंवा बाहू रस्त्याला टेकला, तर गाडी चालकाच्या हातात राहत नाही. म्हणून गाडी किती खाली आणावयाची याचे उत्तर डोळ्यांना काय बरे दिसते यावर ठरत नाही. ते रिमच्या तळाच्या रेषेवर ठरते.

गाडी खाली आणण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत.

पहिला मार्ग स्प्रिंग आखूड करण्याचा. तो सर्वांत स्वस्त. परंतु स्प्रिंगचे वेढे कमी झाले की ती ताठर होते. दहा कामकरी वेढ्यांतून एक काढला तर तिचा ताठरपणा नवव्या हिश्शाने वाढतो. शिवाय स्प्रिंग चाकापाशी नसते, बाहूच्या मध्यावर कोठेतरी असते. म्हणून स्प्रिंग एक इंच आखूड झाली तर चाकापाशी गाडी त्याच्या सुमारे दुप्पट खाली येते. बाहू वर कलतात. वरचा बाहू आखूड असल्यामुळे तो चाकाचा माथा आत ओढतो आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतो. चाकाला वर सरकण्यास जागा उरत नाही; खड्डा आला की बाहू रबरी अडसरावर आदळतो आणि तो दणका थेट सांगाड्याला बसतो. स्प्रिंग ज्योतीने तापवून बसविणे हा तर त्याहून वाईट प्रकार. त्यात पोलादाला दिलेले पाणीच उतरते.

दुसरा मार्ग चाकाचा खुंट बदलण्याचा. नव्या खुंटात चाकाचा आस मूळ जागेपेक्षा सुमारे अडीच इंच वर घेतलेला असतो. यात बाहूंचे कोन बिघडत नाहीत, स्प्रिंगही मूळचीच राहते. हा मार्ग शहाणपणाचा खरा. परंतु गाडीबरोबर आडवी तुळईही तितकीच खाली येते. ती तर मुळातच गाडीच्या पोटाखालचा सर्वांत सखल भाग! उंचवट्यावर पहिली घासते ती तीच.

येथे तिसरा मार्ग पुढे येतो, आणि तो आजचा आपला विषय आहे. समजा, तुळईचा मधला भाग, ज्याला बाहू व स्प्रिंगा जोडलेल्या आहेत, तो होता तसाच ठेवला. आणि ज्या बैठकीवर सांगाड्याचे दांडे टेकतात ती बैठक मात्र दोन इंच खाली आणली. काय होईल? चाके जागच्या जागी, बाहू जागच्या जागी, तुळईची जमिनीपासूनची उंचीही पूर्वीइतकीच; आणि तरीही ट्रक दोन इंच खाली बसेल. तुळई सांगाड्यात जणू वर सरकली. ही कल्पना मोठी सुबक आहे. मूळ अभियंत्याने बाहूंचे जे परस्परसंबंध आखून दिले, त्यांना यात धक्का लागत नाही.

मात्र हिशेबाला येथूनच सुरुवात होते. पहिला हिशेब इंजिनाचा. त्याची टेकणी तुळईवर असल्यामुळे तीही सांगाड्याच्या मानाने दोन इंच वर आली. इंजिन वर जाऊ दिले तर पंख्याची जागा, बॉनेटखालची मोकळीक आणि मागे जाणाऱ्या शाफ्टचा कोन, सारेच बदलते. इंजिन मूळ उंचीवर ठेवावे म्हणून टेकणी आखूड केली, तर त्याची तेलाची टाकी तुळईवर येऊन बसू पाहते. मडगार्डही चाकावर दोन इंच उतरलेले असते. चाक पूर्ण वळवून आणि पूर्ण वर उचलून ते कोठे घासते काय, हे पाहावे लागते.

दुसरा हिशेब अधिक गंभीर, आणि नवशिका नेमका येथेच फसतो. तो स्टिअरिंगचा. या ट्रकमध्ये स्टिअरिंगची पेटी डाव्या दांड्यावर बसविलेली असते आणि तिचा जोडीदार आधार उजव्या दांड्यावर. म्हणजे ही यंत्रणा तुळईची नव्हे, सांगाड्याची. तुळई वर गेली, बाहू तिच्याबरोबर गेले, पण चाकांना वळविणाऱ्या टाय रॉडची आतली टोके मात्र सांगाड्याबरोबर खाली उतरली. चाक वर-खाली होते तेव्हा बाहू एका कमानीत फिरतात व टाय रॉड दुसऱ्या. या दोन कमानी जुळत्या असल्या तर चालकाला काहीच जाणवत नाही. त्या फुटल्या, म्हणजे खड्ड्यात चाक उचलले जाताच ते आपोआप एका बाजूला वळते. हात स्थिर आहेत, रस्ता सरळ आहे, आणि तरी गाडी वाट सोडते! हे संकट गॅरेजच्या दारात दिसत नाही; वेगात, वळणावर, पावसाळी रस्त्यावर दिसते. म्हणून तुळई जितकी वर घ्यावी तितकी स्टिअरिंगची आतली टोकेही वर न्यावी लागतात. तयार मिळणाऱ्या अनेक नव्या तुळयांत स्टिअरिंगची जुनी पेटी काढून टाकून नवा दात्यांचा रॅक त्या तुळईवरच बसविलेला असतो, त्याचे कारण हेच.

तिसरा हिशेब कलाचा. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते तो सायकलच्या चिमट्याप्रमाणे किंचित मागे कललेला असतो. वळण संपल्यावर चाक आपण होऊन सरळ येते, ते बरेचसे या कलामुळे. आखूड हौद्याच्या सी-१० च्या पुढच्या व मागच्या आसांमध्ये ११५ इंच अंतर असते. पुढचा भाग दोन इंच उतरविला आणि मागचा तसाच ठेवला, तर सारा सांगाडा सुमारे एक अंशाने पुढे झुकतो आणि तो कल तितकाच घटतो. एक अंश ऐकावयास अल्प वाटतो; पण येथे सारा कारभारच मोजक्या अंशांचा आहे. तेव्हा एकतर मागची बाजूही उतरवावी, नाही तर वरच्या बाहूच्या बुडाशी पातळ पत्र्या घालून तो कल भरून काढावा.

राहिला हिशेब जोडकामाचा, म्हणजे वेल्डिंगचा. कापण्याआधी स्प्रिंग उतरवावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग हा बांधलेला वळू आहे. खालच्या बाहूला जॅकचा टेकू देऊन, साखळीने स्प्रिंग अडकवून, ती हळूहळू सैल करावी. घाई केली तर ती माणसाचा जीव घेते. पुढे, कापण्यापूर्वीच तुळईवर तात्पुरते आडवे-तिरपे दांडे जोडून तिची अंतरे बांधून घ्यावी लागतात. दोन्ही कर्ण मोजावे, लिहून ठेवावे, काम झाल्यावर पुन्हा मोजावे. तापलेले पोलाद निवताना आखडते आणि आखडताना जोडणी ओढून नेते. कापलेला कोपरा टोकदार ठेवू नये, गोलसर ठेवावा; कारण तडा नेहमी टोकापासून निघतो. जोडाची धार तासून वितळलेली धातू पत्र्याच्या पाठीपर्यंत पोहोचली पाहिजे. वर जी बळकटीची पट्टी बसवावयाची तिची टोके सरळ उभी न कापता तिरपी कापावी, म्हणजे भार एकाच रेषेवर एकवटत नाही. शेवटी जोडावर रंगद्रव लावून, पुसून, बारीक भेग आहे काय हे तपासावे.

इतकी चिकित्सा कशासाठी? अशी तुळई पहिल्या दिवशी मोडत नाही म्हणून. एका मोठ्या भाराने पोलाद क्वचितच हार खाते. लहान लहान दणक्यांनी, हजारो वेळा वाकून, ते शिणते. केसाएवढी भेग महिनोन्‌महिने मुकाट वाढते आणि मग एखाद्या दिवशी, गाडी घरच्या माणसांनी भरलेली असताना, ब्रेक दाबताच आपले अस्तित्व प्रकट करते.

श्रोतेहो, आपल्याकडे हा उद्योग कुणी करावा असे मी सुचवीत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करण्यास आडकाठी करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कटाक्षाने अर्थ लावला. आपले रस्ते व त्यांवरील गतिरोधक हेही या हौसेला अनुकूल नाहीत. परंतु लोखंड कापून जोडणारे हात आपल्या गावोगावच्या गॅरेजांत आहेत. ट्रॉलीची चौकट असो, ट्रॅक्टरचा हूक असो की ट्रकचा दुरुस्त केलेला दांडा असो, त्या जोडावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतोच. कॅलिफोर्नियातल्या हौशी माणसाचा हिशेब त्या हातांनाही लागू आहे.

रस्त्याने जाणारा माणस ट्रककडे पाहतो तेव्हा त्याला तो दोन इंच खाली बसलेला दिसतो, इतकेच. टेकणी हलली, टाय रॉड उचलला गेला, एका अंशाची भरपाई झाली, कर्ण दोनदा मोजले गेले, हे त्याला दिसत नाही आणि दिसण्याचे कारणही नाही. ज्याने तुळई कापली त्याला मात्र यातील एकही गोष्ट विसरून चालत नाही.