जावई पोलंडचा, प्रवास सगळ्यांचा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला "परदेश प्रवासाचे नियम" या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा एवढा मोठा विषय अर्ध्या तासात कसा बसवायचा हा प्रश्न होता. म्हणून एकच देश घेतला, पोलंड. आता तुम्ही म्हणाल, पोलंडच का? कारण आपल्याच सोसायटीत बी विंगमध्ये एक जावई पोलंडचे आहेत, दोन घरांतली मुलं नोकरीनिमित्त तिकडे आहेत, आणि त्यांचे आईवडील वर्षाआड जाऊन येतात. शिवाय कोल्हापूरकरांना तर पोलंड नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. वॉर्सामध्ये त्या छावणीचं स्मारकही आहे.

त्याच देशाचा नागरिक आज सुट्टीला बाहेर पडतो तेव्हा काय काय करतो, हे समजून घेतलं की आपल्यालाही पुष्कळ शिकता येतं. आणि एकाच कुटुंबात वेगवेगळे पासपोर्ट असले तर कुठे अडायला होतं, तेही कळतं.

थोडा इतिहास सांगतो. कम्युनिस्ट राजवटीत पोलिश माणसाचा पासपोर्ट त्याच्या घरच्या कपाटात नसायचा. तो पोलिसांच्या पासपोर्ट कचेरीत. प्रवासाला परवानगी मिळाली की घ्यायचा, परत आलं की जमा करायचा. बँकेच्या लॉकरची एक किल्ली बँकेकडे असते, इथे दोन्ही किल्ल्या सरकारकडे! १९८९ नंतर हे बदललं. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेला, २१ डिसेंबर २००७ रोजी शेंगेनमध्ये. ज्या पिढीने पासपोर्टसाठी रांगा लावल्या, तिची नातवंडं आज नुसतं ओळखपत्र खिशात टाकून इटलीला जातात.

कागदपत्रं

हे ओळखपत्र म्हणजे "दोवुद ओसोबिस्ती". आपल्या आधार कार्डाएवढं, पण युरोपियन युनियनमध्ये ते पासपोर्टच्या जागी चालतं. अल्बानिया, बोस्नियासारख्या काही शेजारी देशांतही चालतं. ब्रिटनला मात्र ऑक्टोबर २०२१ पासून पासपोर्टच लागतो, आणि एप्रिल २०२५ पासून निघण्यापूर्वी ऑनलाइन ईटीए ही परवानगीही घ्यावी लागते. अमेरिकेने पोलिश लोकांना नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हिसातून सूट दिली, पण "एस्टा" ही ऑनलाइन मंजुरी हवीच. युरोपबाहेर बहुतेक ठिकाणी पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक लागते.

दोन गोष्टी पोलिश लोकांनाही बजावून सांगाव्या लागतात. पहिली, मोबाइलमधलं सरकारी ओळखपत्र देशात चालतं, सीमा ओलांडायला चालत नाही. दुसरी, प्रत्येक मुलाचं स्वतंत्र कागदपत्र लागतं, मग ते बाळ महिन्याचं का असेना. बारा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. आईवडील आपली तारीख बघतात, मुलाची बघायची राहते आणि विमानतळावर रडारड होते.

एक सहल, दोन नियम

आता आपल्या कामाचं. पोलिश लोकांची आवडती सहल म्हणजे क्रोएशियाचा समुद्रकिनारा. गाडी काढायची, झेक, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया करत खाली उतरायचं. वाटेत या तिन्ही देशांच्या हायवेसाठी टोलचं व्हिन्येट घ्यावं लागतं, नाहीतर दंड. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिथपर्यंत आजीआजोबांचा शेंगेन व्हिसा चालतो. मंडळी डुब्रोव्निकला पोचतात. तिथून बोस्नियातलं मोस्तार एका दिवसात होतं. जावई म्हणतात, "चला, जुना पूल बघून येऊ." जावई, नातू ओळखपत्र दाखवून जातील आणि येतील. आजीआजोबांचा व्हिसा जर एकदाच प्रवेशाचा असेल, तर बोस्नियात गेल्यावर तो संपला. परत क्रोएशियात येता येणार नाही. सामान हॉटेलात आणि माणसं सीमेपलीकडे!

म्हणून व्हिसावर प्रवेशसंख्येच्या रकान्यात १ आहे की "मल्ट" आहे, ते निघण्याआधी बघा. २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल झाल्यामुळे डुब्रोव्निकला जाताना बोस्नियाची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागत नाही, हे बरं झालं. पण नकाशा बघणारा माणूस घरात एक तरी हवा.

दिवसांचा हिशेबही तसाच. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०. आत शिरलो तो दिवस आणि बाहेर पडलो तो दिवस, दोन्ही धरतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने टप्प्याटप्प्याने नवी पद्धत आणली आहे. बाहेरच्या प्रवाशाचे बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद संगणकात होते. शिक्का पुसट आहे, दिसला नाही, ही सबब आता नाही. आपल्या मुलांकडे पोलंडचं रेसिडेन्स कार्ड असलं तरी ती पोलिश नागरिक नव्हेत. त्यांना शेंगेनमध्ये फिरता येतं, पण भारतीय पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं, आणि लंडनला जायचं तर वेगळा व्हिसा.

पैसे

पोलंडमध्ये अजून युरो नाही, झ्लॉटी आहे. तिथल्या पैसे बदलायच्या दुकानाला "कांतोर" म्हणतात. बँकेत फॉरेन एक्स्चेंजला बसलेला माणूस म्हणून सांगतो, पाटीवर "कमिशन नाही" लिहिलेलं बघू नका. खरेदीचा आणि विक्रीचा दर, यांतला फरक बघा. तेच त्यांचं कमिशन. प्रागमध्ये पर्यटकांची इतकी लूट होऊ लागली, की झेक सरकारने २०१९ मध्ये कायदा केला. १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, पावती दाखवून रद्द करता येतो. म्हणजे पावती फेकायची नाही!

कार्ड वापरताना मशीन विचारतं, "तुमच्या घरच्या चलनात पैसे कापू का?" पोलिश माणसाला झ्लॉटीत, आपल्याला रुपयांत. ऐकायला सोयीचं वाटतं, पण दर त्यांचा असतो. नेहमी स्थानिक चलन निवडा.

आजारपण

पोलिश नागरिकाला युरोपियन आरोग्य कार्ड फुकट मिळतं. त्यावर युनियनमधल्या सरकारी दवाखान्यात तिथल्या लोकांप्रमाणे गरजेचे उपचार होतात. पण ते विमा नव्हे. तात्रा पर्वताचं उदाहरण घ्या. पोलंडच्या बाजूला अडकलात तर बचाव पथक फुकट खाली आणतं. तोच डोंगर उतरून स्लोव्हाकियात गेलात आणि पाय मोडला, तर सुटकेचं बिल हातात येतं. पोलंडचं सर्वात उंच शिखर रीसी, २४९९ मीटर, नेमकं सीमेवरच आहे. इकडे पडलात की तिकडे, यावर खर्च ठरतो.

विम्याच्या पॉलिसीत दोन कलमं तिथेही बारीक अक्षरांत असतात. एक, मद्य घेतलेलं असताना झालेला अपघात. दोन, जुना आजार बळावणे. जादा हप्ता भरला नसेल तर कंपनी हात वर करते. बीपी, डायबेटिसवाल्यांनी हे दुसरं कलम वाचल्याशिवाय सही करू नये. शेंगेन व्हिसासाठी आपल्याला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं. ते व्हिसापुरतं पुरतं, हृदयाच्या ऑपरेशनला पुरेलच असं नाही.

एक आनंदाची गोष्ट. युरोपातून सुटणारं विमान कंपनीच्या चुकीने तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलं, तर अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई मिळते. इथे पासपोर्ट कोणता हे कोणी विचारत नाही. वॉर्साहून निघालेल्या आजीलाही तोच हक्क.

पोलिश पाहुणा आपल्याकडे येतो तेव्हा

पोलिश नागरिकाला भारताचा ई-व्हिसा मिळतो. मात्र अर्ज भारत सरकारच्याच साइटवर करावा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट भरमसाट पैसे घेतात. पासपोर्टला सहा महिने मुदत आणि दोन कोरी पानं हवीत. ई-सिगारेट आपल्याकडे २०१९ पासून बंद आहे, आणणाऱ्याची अडचण होते. हिमालयात जाणाऱ्या गिर्यारोहकांनी तर लक्षात ठेवावं, परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणला तर अटकही होऊ शकते. त्यांच्या देशात तो जीव वाचवणारा, इथे गुन्हा. रोख नोटा ५००० डॉलरपेक्षा जास्त, किंवा चेकसह एकूण १०,००० डॉलरपेक्षा जास्त असतील तर कस्टमला सांगायचं.

आणि हे आपल्या सगळ्यांसाठी. परदेशी नागरिक आपल्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची जबाबदारी यजमानाची. सी फॉर्म म्हणतात तो हाच. "घरचाच जावई, त्याची कसली नोंद?" असं म्हणून चालत नाही. हॉटेलवाले करतात, घरवाले विसरतात.

नातवाचंही सांगतो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नातू पोलिश पासपोर्टवर असेल तर त्याचं ओसीआय कार्ड काढा, आणि लहान वयात जेव्हा जेव्हा नवा पासपोर्ट निघेल, तेव्हा पोर्टलवर त्याची नोंद करा. मघाशी म्हटलं तसं, मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांत बदलतो.

शेवटी पोलंडची एक चांगली पद्धत आपण उचलावी असं मला वाटतं. त्यांच्या परराष्ट्र खात्याची "ओडिसेउश" नावाची नोंदणी आहे. कुठे चाललो, किती दिवस, घरी कोणाला कळवायचं, हे प्रवासी निघण्याआधी लिहून ठेवतात, म्हणजे संकट आलं तर सरकारला माणूस सापडतो. आपल्या सोसायटीतही ऑफिसमध्ये एक वही ठेवू. परदेशी जाणाऱ्याने तारखा, मुलांचा फोन, विम्याचा पॉलिसी नंबर आणि शेजारी किल्ली कोणाकडे आहे, एवढं लिहून जावं. मागच्या पंचवीस वर्षांत आपण एकमेकांची कुंड्यांना पाणी घालण्यापासून हॉस्पिटलपर्यंतची कामं केली आहेत. ही वही त्यातलंच पुढचं पान.

नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या आधी त्या त्या देशाच्या दूतावासाची साइट जरूर बघा.  पुढचे पंचवीस वर्षांचे प्रवास सुखाचे होवोत, हीच प्रार्थना.